वेणूबाईंच्या पायावरचे पांढरे ठिपके

मित्रांनो, मी एक जुनी वजरी आहे. हसू नका. तुमच्याही न्हाणीघराच्या कोपऱ्यात माझी एखादी बहीण पडलेली असेल, आणि तुम्ही तिच्याकडे कधी ढुंकूनही बघितलं नसेल. खाली भाजलेल्या मातीचं खरखरीत अंग आणि वर धरायला पितळी मूठ, एवढाच माझा थाट. पाय घासणं हे माझं काम, आणि त्यातही फक्त टाच. हे मी आधीच बजावून सांगते, कारण पुढे जे घडलं ते मला अजून पचलेलं नाही.

मी उल्हासनगरच्या बाजारात एका सिंधी शेठच्या दुकानात धूळ खात होते. तिथून मला वेणूबाईंनी उचललं. त्या बदलापूरजवळच्या गावातल्या. आता गाव कसलं म्हणा, चहूकडे बिल्डिंगा उठल्यात! पण तेव्हा घरची भातशेती होती. लावणीच्या चिखलाने त्यांच्या टाचा अशा फुटायच्या की बघवत नसे. संध्याकाळी त्या कढत पाण्यात पाय सोडून बसायच्या, मला हळूहळू फिरवायच्या आणि लग्नातली गाणी गुणगुणायच्या. कारण वेणूबाई होत्या धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत मांडवात उभी राहून जी बाई धवले गाते आणि एकेक विधी करून घेते, ती धवलारीण. तिचा मान फार मोठा. अशा बाईच्या हातात राहायला मिळालं म्हणून मीही जरा तोऱ्यातच असायची. "माझी वजरी लाखात एक," असं त्या शेजारणींना सांगायच्या, तेव्हा तर विचारूच नका.

पुढे शेत गेलं, वय झालं, वेणूबाईंना साखरेचा आजार जडला. आणि मग त्यांच्या घोट्यांभोवती, पावलांवर पांढुरके ठिपके उठले. तांदळाच्या कणीएवढे, हाताला जरा खडबडीत. ना दुखायचे, ना खाजायचे. मला त्यांचं काहीच वाटलं नाही. पण शेजारची सखू एक दिवस बोलून गेली की हे कोड तर नसेल ना, मांडवात धवलारणीच्या अनवाणी पायांकडे सगळ्यांची नजर जाते. झालं! वेणूबाईंच्या भावाची नात जिज्ञासा, तिची हळद तोंडावर आली होती. माझ्या हळदीला आजीच गाणार, असं त्या पोरीने कधीचं सांगून ठेवलं होतं. हे पाय घेऊन तिच्या मांडवात उभं कसं राहायचं, या विचाराने वेणूबाईंच्या घशाखाली घास उतरेना.

सून शालन म्हणाली, डॉक्टरांना दाखवून येऊ. पण वेणूबाई ऐकतील तर शपथ. डॉक्टरने कोड म्हटलं तर गावभर होईल, ही त्यांना धास्ती. मग घरचे उपाय सुरू झाले. लिंबू झालं, ठेचलेला लसूण झाला, बटाट्याची साल झाली. मोबाईलवर कुणी टूथपेस्ट सांगितली, तीही थापली. निम्मं स्वयंपाकघर न्हाणीघरात आलं, पण ठिपके ढिम्म हलले नाहीत.

आणि मग कल्पेशने ती बाटली आणली.

कल्पेश हा वेणूबाईंचा मुलगा. आनंदनगरच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत कामाला. तिथली माणसं सुटताना हातावरचा पक्का रंग कसल्याशा केमिकलच्या पाण्याने धुऊन काढतात. कल्पेशने तेच पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरी आणलं. आईवरच्या मायेपोटीच आणलं हो, त्याच्या मनात पाप नव्हतं. "आई, आमचा पक्का रंग जातो, तर तुझे ठिपके काय चीज आहेत?" असं तो म्हणाला, आणि मी हादरलेच. अरे, रंग बाहेरून लागलेला असतो! हे ठिपके तर कातडीचेच! एवढं शिकलेल्या पोराला एवढं कळू नये?

पुढचं ऐकून तर माझी मातीच विरघळते की काय असं झालं. औषध आत मुरायला हवं, म्हणून आधी ती जागा वजरीने घासून घे, असं त्याने सांगितलं. म्हणजे मी! पावलाच्या वरच्या नाजूक कातडीवर मी! वेणूबाईंनी डावा पाय पुढे घेतला आणि मला करंगळीपासून घोट्यापर्यंत खसाखसा चालवलं. रक्त दिसलं तरी थांबल्या नाहीत. मग त्यावर बाटली ओतली. आता किंकाळी येणार, अशी माझी खात्रीच होती.

किंकाळी आलीच नाही.

"मना काय झोंबत नाय," वेणूबाई खुशीत म्हणाल्या. कल्पेशही खूश झाला. न झोंबणारं औषध म्हणजे चांगलंच औषध, असं दोघांनी ठरवून टाकलं. साखरेमुळे त्या पायांची जाणीवच गेली होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पुन्हा तेच केलं, पुन्हा केलं. पाय काळा पडू लागला तेव्हा त्यांनी मोजे चढवले आणि खपली धरतेय असं सांगितलं. हळदीच्या आदल्या दिवशी ताप भरला. शालनने मोजा ओढून काढला आणि तशीच रिक्षा बोलावली.

उल्हासनगरच्या दवाखान्यातून परत आल्यावर शालनने सगळं सखूला सांगितलं. डॉक्टर म्हणे सुन्न झाले होते. "अहो, हे वयाचे ठिपके. केस पिकतात म्हणून कुणी डोकं भाजून घेतं का?" असं त्यांनी विचारलं. आणि कोड असतं तरी ते कुणाला लागत नाही, हेही सुनावलं. सखूने पदर तोंडाला लावला. जिज्ञासाची हळद स्पीकरवरच्या गाण्यांवर उरकली होती.

डॉक्टरांनी माझ्यावर बंदी घातली, म्हणून शालनने मला बाहेर ओट्यावर भंगाराच्या गोणीजवळ टाकलं. तिथूनच मी पाहिलं. लग्नानंतर जिज्ञासा हिरव्या चुड्याच्या हातांनी आजीच्या पाया पडायला आली. वेणूबाईंनी घाईघाईने पाय लुगड्याखाली ओढले. पण पोरीने लुगड्याचा काठ सारला. डावा पाय पट्टीत होता. उजव्यावर ते ठिपके तसेच होते. तिने त्यांवरून बोट फिरवलं.

"आजी, हे? हे तर माझ्या पप्पांच्या पायांवर पण आहेत."

कल्पेश उठून आत गेला. वेणूबाईंनी पोरीचा हात घट्ट धरून ठेवला.

मित्रांनो, टाच घासायला मला खुशाल घ्या. पण अंगावर काही नवं दिसलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. साखर असलेल्या माणसाच्या पायाला मला लावूच नका, आणि कुणाचे पाय बघून वाटेल ते बोलून मोकळे होऊ नका. वेणूबाईंचे उजव्या पायावरचे ठिपके आजही जिथल्या तिथे आहेत. डाव्या पायाची करंगळी तेवढी नाही.