आप्पांच्या बोटांतला पासवर्ड

टेबलाच्या खणात एकूण अकरा वस्तू होत्या. संघप्रियाने त्या एकेक करून प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर मांडल्या. मोडेमबरोबर आलेली पुस्तिका एक, सीडी एक, फोनची जुनी बिलं दोन, संपलेले सेल तीन, टेस्टर एक, सेलोटेपची रिकामी रिंग एक, प्रसेनजीतचा पासपोर्ट साइज फोटो एक, आणि लग्नपत्रिकेचा फाडलेला तुकडा एक. तुकड्याच्या कोऱ्या बाजूला आप्पांनी पेन्सिलीने उभ्या रेघा मारल्या होत्या. रेघांच्या दोन ओळी, वरच्या ओळीवर फुली.

त्या रेघा तिने मोजल्या नाहीत. असले तुकडे घरात जिथंतिथं सापडत. आप्पा एकतीस वर्षं गारगोटीला कचेरीत मराठीचे टायपिस्ट होते. मथळा कागदाच्या बरोबर मधोमध बसावा म्हणून मशीनवर हात ठेवायच्या आधी ते त्याचे ठोके मोजत. एक ठोका, एक रेघ. निवृत्तीला तीन वर्षं झाली तरी विहाराची सूचना टाइप करायची म्हटली की पहिल्यांदा पेन्सिल शोधली जायची.

पासवर्ड खणात नव्हता. फोटो होता, तोही भावाचा, प्रसेनचा.

सप्टेंबर दोन हजार नऊचा शनिवार, दुपारचे पावणेतीन. पुण्याच्या एका संशोधन संस्थेला प्रकल्प सहायक पाहिजे होता. जागा एक. अर्ज इंटरनेटवरूनच भरायचा आणि मुदत संध्याकाळी पाचची. एम.एस्सी. होऊन संघप्रियाला सव्वा वर्ष झालं होतं. अर्जाचं सगळं लिहून तयार होतं, फक्त पाठवायचं राहिलं होतं, आणि कालच दुकानदाराने लॅपटॉपमध्ये विंडोज नवीन टाकून दिलं होतं. जुन्याबरोबर त्यात साठवलेला वाय-फायचा पासवर्डही पुसला गेला. मोडेमला वायर लावली असती तर पासवर्डची गरजच नव्हती. पण वायर गेल्या महिन्यात प्रसेन बेंगलोरला घेऊन गेला होता. कोपऱ्यावरच्या नेट कॅफेची लाइन वेगळी, तिथं लोडशेडिंग, सहापर्यंत वीज यायची नव्हती. मोडेमच्या मागे पिन खुपसायचं भोक होतं, पण ते दाबलं तर कंपनीने घातलेलं सगळंच जाईल आणि माणूस सोमवारी येईल, असं फोनवरच्या बाईने सांगितलं.

लॅपटॉपही प्रसेनचाच होता. कॉलेजमध्ये चार वर्षं वापरून, एक बिजागरी ढिली करून, नवा मिळाल्यावर त्याने तो तिला ‘दिला’ होता. त्यावर आई शेजारपाजारी सांगत सुटली होती, भावानं बहिणीला कॉम्प्युटर दिला म्हणून.

तिने त्याला फोन लावला.

“काय गं संघे?” मागे कुणीतरी हसत होतं, कपबशा वाजत होत्या.

“वाय-फायचा पासवर्ड काय आहे?”

“मला काय म्हाईत? मोडेम बसवला तवा मी हितंच बेंगलोरात हुतो की. आप्पांनी घातलाय.”

“आप्पांना आठवत नाही.”

“मग माझं नाव घालून बघ.” तो मोठ्यांदा हसला. “एटीएमचा नंबर माझं जन्मसाल, कपाटाच्या कुलपाचा नंबर माझी तारीख. आप्पांच्या डोक्यात दुसरं काय हाय गं?”

“ठेव फोन.”

“ए, चिडलीस व्हय? अगं—”

तिने फोन ठेवला. चिडायचं कारण त्याने सांगितलेलं खोटं होतं हे नव्हतं. खरं होतं. स्कूटरचा नंबर मिळवतानासुद्धा आप्पांनी ओळखीच्या माणसाला गाठून शेवटी प्रसेनचं साल येईल असा मिळवला होता. त्या स्कूटरवरून दळण, गॅस, आप्पांची रक्तदाबाची गोळी आणि आईचा चष्मा ती आणायची. पेठ वडगावच्या मावशीला दवाखान्यात तिने नेलं. मावशीने घरी परत येऊन पहिला फोन प्रसेनला केला. तो वर्षातून दोनदा यायचा, आणि तो यायच्या आदल्या दिवशी घरात मटणाचा रस्सा कोण करणार यावर चर्चा व्हायची. करायची तीच. ही सगळी नोंद तिच्या डोक्यात क्रमवार होती. प्रयोगवहीत निरीक्षणं लिहावीत तशी.

तिने वहीचं मागचं पान काढलं आणि उभा रकाना आखला.

आप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. तिने तिथूनच विचारलं, “आप्पा, थोडं तरी आठवा. शब्द होता की आकडा?”

“नाव हुतं. घरातल्या माणसाचं.” पेपर खाली आला नाही. “आठ अक्षरी.”

“कुणाचं?”

“त्ये न्हाय आठवत.”

“आठ आठवतं आणि नाव नाही?”

“आठ पक्कं आठवतं. त्यो बसवायला आल्यालं पोरगं म्हणालं, काका, आठ अक्षरं लागत्यात. मी मोजून घातलं.”

आप्पांनी मोजलं म्हणजे ते आठच असणार. तिने इंग्रजीत लिहिलेली नावं मोजायला घेतली. प्रसेनजीत: शेवटी दोन ई घातले तर दहा अक्षरं, एक आय घातला तर नऊ. तरी तिने दोन्ही घालून पाहिली, एकदा पहिलं अक्षर मोठं, एकदा लहान. मग प्रसेन आणि दोन आकडी साल, हे बरोबर आठ भरलं. ते टाकताना तिचं बोट जरा जोरातच पडलं. नाही. साल पुढे आणि नाव मागे. नाही. सव्वातीन वाजले तेव्हा रकान्यात चौदा नोंदी होत्या आणि चौदाही त्याच्याच.

स्वतःचं नाव तिने शेवटी मोजलं. अकरा. मधला एक ए गाळला तर दहा. ते तिने घालून पाहिलंही नाही.

मग तिला आजी आठवली. आप्पांची आई, निपाणीकडची, यल्लव्वा. इंग्रजीत बरोबर आठ अक्षरं. तिला एकदम बरं वाटलं. आजीचं असेल तर काही म्हणणं नव्हतं. तिने सावकाश आठ अक्षरं दाबली, खातरीसाठीच्या दुसऱ्या चौकटीत पुन्हा तीच दाबली, आणि वाट पाहिली.

नाही.

“घे, च्या.” आई कप घेऊन आली आणि वहीच्या पानात डोकावली. “हे काय, सगळी इंग्रजी अक्षरं?”

“पासवर्ड शोधतेय. आप्पांनी नाव टाइप केलंय म्हणे.”

“मग इंग्रजीत कशाला हुडकतीयास?” आईने कप टेकवला. “त्यास्नी इंग्रजी टायप कुठं येतंय गं? दोन बोटांनी एकेक अक्षर हुडकत बसत्यात. आन त्या दिशी तर नुसतं तडतडतडतड केलं. बघून त्यो पोरगा म्हणाला, काका, लईच फास्ट की ओ! मी हितंच हुते, त्याला च्या दिली.”

संघप्रियाचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

बटणांवर इंग्रजी अक्षरं होती. पण आप्पा बटणांकडे बघून टाइप करतच नसत. शाहूपुरीतल्या टायपिंग क्लासमध्ये मास्तरांनी बोटांवर फडकं टाकून शिकवलं होतं, हे ते अजून अभिमानाने सांगत. मराठी मशीनवर ‘क’ जिथं, तिथं बोट जाणार. त्या बटणावर इंग्रजी काय छापलंय याच्याशी बोटाला देणंघेणं नाही. त्यांनी लॅपटॉपवर मराठी टाइप केलं होतं. लॅपटॉपने ते इंग्रजी म्हणून घेतलं होतं.

ती बाहेर आली.

“आप्पा, मराठी मशीनवर प्रसेनजीत किती ठोके?”

“आठ.”

उत्तर प्रश्नाच्या शेपटीला चिकटूनच आलं. ना पेन्सिल, ना बोटं.

“आणि संघप्रिया?”

“नऊ.”

तेही तसंच आलं, पण तिचं लक्ष पहिल्यावरच होतं. आठ. मगाशी पेपरच्या आड नाव आठवत नव्हतं ते हेच. तिला वाटलं, आता टाइप करून बघायची तरी काय गरज? पण घड्याळात पावणेचार झाले होते.

“आत या.”

आप्पा आले. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

“कुणाचं नाव ते आठवू नका. तो पोरगा शेजारी उभा आहे समजा. तो म्हणतो, काका, घाला पासवर्ड. डोळे मिटा.”

“नाटक करतीयास व्हय गं माझ्याबर?”

“मिटा.”

त्यांनी डोळे मिटले. मनगटं उचलली, बोटं मधल्या रांगेवर टेकवली, आणि एका दमात आवाज झाला. दुसऱ्या चौकटीत तिने कर्सर नेला, पुन्हा तेवढाच. पडद्यावर अक्षरांऐवजी काळे ठिपके उमटले होते. तिने ते मोजले. वर आठ, खाली आठ.

कोपऱ्यातल्या खुणेभोवतीचं पिवळं वर्तुळ दोनदा फिरलं आणि जोडणी झाली.

“लागलं?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“लागलं,” संघप्रिया म्हणाली. मग तिने कोरं पान उघडलं आणि आप्पांना म्हणाली, “आता हेच पुन्हा इथं करा. लिहून ठेवते. परत तुमची बोटं मागायला नको.”

आय, झेड, एल, एस, यू, टी, एच, आर. वाचायला गेलं तर काही नाही. मराठी मशीनवर मात्र बरोबर आठ ठोके: प्रसेनजीत.

“प्रसेनचंच,” ती म्हणाली.

आप्पांनी डोळे उघडले. पडद्याकडे बघितलं, मग टेबलक्लॉथवरच्या पसाऱ्याकडे.

“मगाशी म्हणालात, आठवत नाही.”

“तोंडाला न्हवतं येत.”

“येत नव्हतं की सांगायचं नव्हतं?”

“संघा, आगं, तुझंच घेतलं हुतं पयलं.” त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. “वापरणार तू, म्हणून तुझंच. पर नऊ भरलं. त्यो म्हणाला आठ लागत्यात. मग काय करू? बसंना झालं. मग ह्येचं आठ भरलं, घातलं.”

“आठ म्हणजे कमीत कमी आठ, आप्पा! वर कितीही चालतात. वीस घाला, तीस घाला.”

“आसं व्हय?” ते खरंच चकित झाल्यासारखे दिसले. “मला वाटलं, फारमात रकाने असत्यात तसं. आठ घरं म्हंजे आठ घरं. नववं बाहेर पडलं की फारम परत.”

“आणि हे तुम्हाला आत्ता सुचलं.”

“सुचलं न्हाय. झालंय.”

“असू दे. आता म्हणायला काय जातंय.”

“म्हणायला न्हाय गं—”

“अर्ज भरू दे मला.”

आप्पा उठले. दारात क्षणभर थांबले, स्कूटरची किल्ली खिळ्यावर सरळ केली, आणि बाहेर गेले. पेपर उघडल्याचा आवाज आला नाही.

तिने अर्ज भरला. नाव, पत्ता, गुण. फोटो चढायला अकरा मिनिटं लागली. ‘घरातील कोणी संशोधन क्षेत्रात आहे काय’ असा एक प्रश्न होता. तिने ‘नाही’वर टिचकी मारली. सगळं भरून झाल्यावर सुद्धा तिच्या डोक्यात तेच फिरत होतं. माणूस पकडला गेला की काहीतरी सांगणारच. पुराव्याशिवाय कुणीही काहीही सांगू शकतं. प्रसेनचं नाव त्यांच्या बोटांत होतं, तिचं तोंडात. बोटं खोटं बोलत नाहीत, हे तर तिने आत्ताच सिद्ध करून दाखवलं होतं. चार वाजून सव्वीस मिनिटांनी अर्ज पोचल्याचा क्रमांक आला. तो तिने वहीत उतरवला, दोनदा पडताळला.

प्रसेनचा फोन वाजला. तिने उचलला नाही. आईने उचलला.

“व्हय रे बाळा, मिळाला. कसलं काय, तुझंच नाव हुतं.” आई हसली. “व्हय, व्हय. चिडली की.”

संघप्रियाने खणातल्या वस्तू एकेक करून परत ठेवायला घेतल्या. पुस्तिका, सीडी, बिलं. सेल फेकायचे होते, ते बाजूला काढले. टेस्टर. सेलोटेपची रिंग. प्रसेनचा फोटो तिने उपडा ठेवला.

शेवटी लग्नपत्रिकेचा तुकडा हातात राहिला. तो खणात टाकता टाकता तिने उलटवला. छापील बाजूला अर्धी तारीख शिल्लक होती: जून २००९. मोडेम जूनमध्येच बसला होता. तिने खिडकीतला पडदा बाजूला सारला, तुकडा उजेडात धरला आणि पेन्सिलीचं टोक एकेका रेघेवर टेकवत मोजायला सुरुवात केली. एकदा मोजून झाल्यावर तिने उलट्या बाजूने परत मोजलं.

फुली मारलेल्या वरच्या ओळीत रेघा नऊ होत्या. खालच्या ओळीत आठ.