स्वच्छ चित्राची तक्रार

डिश बसवणाऱ्या माणसानं पक्कड उघडली, केबलच्या काळ्या वायरीवर टेकवली आणि वरूनच विचारलं,

"तोडू ना?"

धाकटे खाली शिडी धरून उभे होते. वायर त्यांच्या खिडकीतून निघून गच्चीच्या कठड्यावरून पलीकडे उतरत होती. पलीकडचं घर थोरल्या भावाचं. तिथल्या भिंतीवर एक डबी होती. केबलचं मुख्य कनेक्शन त्या डबीपर्यंत यायचं आणि तिथून त्याच्या दोन वायरी व्हायच्या, एक थोरल्यांची, एक धाकट्यांची.

"सोडवून गुंडाळून नाही का ठेवता येणार?"

"गुंडाळून काय करणार? कपडे वाळत घालायच्याही कामाची नाही. काळं लागतं."

"मग तोडा."

वायर तुटली आणि तिचं मोकळं टोक पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटलं. आवाज फार झाला नाही. धाकट्यांनी तरी मान फिरवली.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांना गल्लीत अजून धाकटेच म्हणत. थोरले शेजारीच राहत असल्यामुळे त्यांना बढती मिळण्याची शक्यताही नव्हती. नगरपालिकेत त्यांनी जन्मभर नकाशे काढले. तिथं त्यांना 'मिलिमीटर' म्हणत, कारण गटाराची रेघ सुतभर सरकली तरी त्यांना जेवण जात नसे. अशा माणसाला केबलवरचं मुंग्यांचं चित्र वीस वर्षं बघावं लागलं होतं. शेवटी मुलीनं भला मोठा टीव्ही पाठवला आणि फोनवर बजावलं की, बाबा, याला केबल जोडाल तर मी बोलणार नाही. न बोलणारं एक माणूस धाकट्यांना आधीच पुरेसं होतं. त्यांनी डिश मागवली.

चित्र लागलं. बातम्या देणाऱ्याच्या कोटाच्या गुंडीला चार भोकं आहेत आणि दोरा त्यातल्या तिनांतूनच गेलाय, हे धाकट्यांनी पहिल्या मिनिटात हेरलं. त्यांना फार बरं वाटलं.

"एक सांगून ठेवतो," हत्यारं पिशवीत भरत तो माणूस म्हणाला. "केबलपेक्षा हे चार-पाच सेकंद उशिरा येतं. उलगडायला वेळ लागतो त्याला. पण कोणाला कळत नाही. दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवून बघतंय कोण?"

धाकटे कागदावर सही करत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

दोन घरांच्या मधली भिंत अकरा वर्षांपूर्वीची. त्याआधी ते एकच घर होतं. वडिलांच्या छातीचं ऑपरेशन करायचं की नाही, यावर डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले होते. केलं तरी धोका, नाही केलं तरी धोका. थोरल्यांनी, म्हणजे दादांनी, सही केली. वडील टेबलावरून उठले नाहीत. त्या दिवशी दवाखान्याच्या बोळात, दहा माणसांसमोर, धाकटे म्हणाले होते, "तुझ्या हट्टापायी गेले." दादांनी हातातली औषधांची पिशवी धाकट्यांच्या हातात दिली आणि जिना उतरून गेले. तेव्हापासून बोलणं बंद. धाकट्यांनी ते वाक्य नंतर अनेकदा मोजून पाहिलं. मोजून तीन शब्द. ते परत कसे घ्यायचे, हे अकरा वर्षांत त्यांना सुचलं नव्हतं.

भिंतीचा नकाशा त्यांनीच काढून दिला. कागदावर ती नऊ इंची होती. गवंड्यानं विटा वाचवून चार इंची उभी केली. तेव्हा धाकट्यांनी त्याला भर रस्त्यात झापलं होतं. पुढे पहिल्या मॅचच्या दिवशी त्यांना कळलं की, या गवंड्याचे आपल्यावर उपकार आहेत.

झालं असं की, विकेट पडली आणि धाकट्यांनी एक टाळी वाजवली. त्याच क्षणी भिंतीपलीकडून थाप ऐकू आली, खुर्चीच्या लाकडी हातावर मारलेली. दादांची थाप. लहानपणी एकाच रेडिओला दोघं कान लावून बसत, तेव्हा ही थाप धाकट्यांच्या मांडीवर पडायची. मांडी लाल व्हायची. आता मांडीची जागा खुर्चीनं घेतली होती, पण हात तोच होता.

त्यानंतर अकरा वर्षं तेच. इकडे टाळी, तिकडे थाप, एकदम. बाकी सगळा व्यवहार दोघांच्या बायका बघत. त्या दोघी परसातल्या कठड्यावरून भाजीच्या वाट्यांची आणि बातम्यांची देवाणघेवाण करत, अगदी परराष्ट्रमंत्र्यांसारखी. दोन्ही देशांचे प्रमुख आपापल्या खोलीत बसून सही न केलेला तह पाळत. तहात कलम एकच होतं, आणि ते विकेट पडल्यावर अमलात यायचं.

डिश बसली त्या संध्याकाळी धाकट्यांच्या बायकोनं परसातून आल्या आल्या सांगितलं,

"भावजींनी विचारलंय, वायर का तोडली म्हणून."

धाकट्यांच्या हातातला रिमोट खाली आला. "दादानं विचारलं?"

"जाऊबाईंना विचारलं. जाऊबाईंनी मला विचारलं. मी तुम्हाला विचारते. अजून कोणाला विचारायचं असेल तर आत्ताच सांगा."

अकरा वर्षांत आलेला हा पहिला प्रश्न होता. धाकट्यांनी उत्तर जुळवायला बराच वेळ घेतला.

"चित्र स्वच्छ दिसतं, म्हणावं."

बायको कठड्याशी जाऊन आली. तिकडून उत्तर आलं नाही.

पुढच्या आठवड्यात क्रिकेटची मालिका सुरू झाली. दुपारची मॅच. धाकटे चष्मा पुसून बसले. मैदानातलं गवत पात्यापात्यानं दिसत होतं. गोलंदाज चेंडू मांडीला घासत अजून चालतच होता, एवढ्यात भिंतीतून थाप आली.

धाकट्यांनी भिंतीकडे बघितलं. पडद्यावर गोलंदाज वळला, धावला, चेंडू टाकला, आणि यष्ट्या उडाल्या. धाकट्यांनी सवयीनं टाळी वाजवली. ती खोलीत एकटीच वाजली.

दुसऱ्या विकेटला तेच झालं. तिसऱ्यालाही. पलीकडे दादा आपल्या मुंग्यांच्या चित्रात सगळं आधी बघत होते, आणि इकडे कोट्यवधी ठिपक्यांचा टीव्ही शिळी बातमी देत होता. दादांना काय वाटत असेल, हे धाकट्यांना सहज कळलं. याला उशिरा कळतं, लहानपणापासून. किंवा त्याहून वाईट. वायर तोडली, आणि आता टाळीतही याला आपली सोबत नको.

त्यांनी कंपनीला फोन लावला.

"तक्रार काय आहे, सर?"

"चित्राची."

"चित्र येतंय?"

"येतंय."

"स्वच्छ येतंय?"

"फारच स्वच्छ."

"मग तक्रार काय लिहू, सर?"

"उशिरा येतं."

"किती वाजता येतं?"

"वाजता नाही हो. चार सेकंद उशिरा येतं. शेजारी आधी येतं."

पलीकडे थोडा वेळ टंकण्याचा आवाज आला. "शेजाऱ्यांकडे आमचंच कनेक्शन आहे का, सर?"

"नाही. केबल."

"मग सर, आपण त्यांना आमची योजना सुचवू शकता. दोघांकडे एकदम येईल."

धाकट्यांनी विचार केला, सुचवू शकलो असतो तर तुला कशाला फोन केला असता. "बघतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते केबलवाल्याच्या दुकानात गेले. केबलवाला वायरीच्या वेटोळ्यांत मांडी घालून बसला होता. त्यानं वर न बघताच ओळखलं.

"या. मुंग्या आठवल्या वाटतं."

"परत जोडता येईल का? जुनीच."

"वायरीचं काय, दहा मिनिटांचं काम. पण जोड थोरल्यांच्या भिंतीवर आहे. त्यांच्याकडून चढावं लागेल. त्यांना विचारून ठेवा."

"तुम्हीच विचारा की."

केबलवाल्यानं आता वर बघितलं. "मागे एकदा विचारलं होतं, तुमच्या भावाकडे तासभर वीज नव्हती का हो, म्हणून. ते म्हणाले, मला भाऊ नाही. मग म्हणाले, अकरा ते बारा गेली होती. तेव्हापासून मी तुमच्या दोघांच्या मधे पडत नाही."

धाकटे परत आले. आपल्याकडची वीज केव्हा जाते, केव्हा येते हे दादांना ठाऊक असतं, ही गोष्ट ते रस्ताभर उलटसुलट करून पाहत होते.

पुढचे दोन सामने त्यांनी बघितले नाहीत. टीव्ही बंद ठेवून नुसते बसले. थापा पलीकडून येत राहिल्या, पण मोजक्या आणि दबकत, एखादा माणूस बंद दारावर टकटक करून थांबतो तशा. बायकोनं विचारलं, "मॅच नाही का आज?" ते म्हणाले, "आहे. तिकडे."

मालिकेचा शेवटचा सामना रविवारी होता. तो न बघणं धाकट्यांना जमलं नाही. शेवटी त्यांनी टीव्ही लावला, तोवर पाच विकेट पडून गेल्या होत्या. सहावी पडली तेव्हा थाप नेहमीसारखी आधी आली, पण चार सेकंद आधी नाही. गोलंदाज धावायला लागला होता. दोन सेकंद, फार तर. धाकट्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं 'दोन' लिहिलं. पुढच्या विकेटला थापच आली नाही. त्यांनी टाळी वाजवली, आणि ती वाजून गेल्यावर, बऱ्याच उशिरानं, पलीकडे लाकूड वाजलं. त्यांनी लिहिलं, 'उशिरा तीन'. त्यापुढची दीड सेकंद उशिरा.

धाकट्यांनी पेन्सिल खाली ठेवली. चित्र मागे पडतं, हे समजण्यासारखं होतं. पण थाप मागे का पडावी? दादांना एकाहत्तरावं लागलं होतं. वडिलांचीही सुरुवात हातापासूनच झाली होती. पेला उचलायला जात आणि हात वाटेतच थांबे.

"अगं, जरा शेजारी जाऊन ये."

"आत्ता? का?"

"दादाचा हात बघून ये."

"हात बघायला मी काय ज्योतिषी आहे?" पण तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि पदराला हात पुसले. "स्वतः जा की."

"वाटी घेऊन जा."

"काय घालू वाटीत?"

"काहीतरी घाल."

"साखर मागते," ती म्हणाली. "द्यायला गेलं की दारातूनच परत यावं लागतं. मागायला गेलं की बसता येतं."

ती गेली. धाकटे पडद्याकडे पाहत होते, पण कान भिंतीला होते. दहावा फलंदाज आला. दोन षटकं काहीच घडलं नाही. मग एक चेंडू उंच गेला, सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकानं तो धावत जाऊन पकडला, आणि धाकट्यांचे हात आपोआप एकमेकांवर आले. भिंतीतून थाप आली.

एकदम. मधे कागद सरकवता आला नसता.

धाकटे हात तसेच जुळवून बसले. त्यांनी काही लिहिलं नाही.

थोड्या वेळानं बायको परत आली. वाटी रिकामीच होती.

"साखर?"

"राहिलीच." ती दारातच टेकली. तिला हसू येत होतं, पण पुरतं नाही. "चांगले ठणठणीत आहेत भावजी."

"आणि हात?"

"हाताला काय धाड भरलीय? वर धरून बसले होते."

"वर?"

"असा." तिनं हात खांद्याच्याही वर नेऊन दाखवला. "मी घाबरलेच. म्हटलं, भावजी, काय झालं? तर बोलेनात. ओठ नुसते हलताहेत, एक, दोन, असे. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, काही नाही गं, विकेट पडलीय. थांब जरा, तुमच्याकडे पडायचीय अजून. मग त्यांनी ती थाप मारली, आणि मग मला म्हणाले, बस."

पडद्यावर शेवटचा फलंदाज हातमोजे चढवत होता. त्याच्या कपाळावरून घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, तिथं लोंबकळला आणि पडला. एवढं स्वच्छ त्यांनी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

"वायर तोडली त्या दिवशी जेवले नव्हते म्हणे," बायको वाटीकडे बघत म्हणाली. "मग तुमची टाळी ऐकली, उशिराची. जाऊबाई म्हणाल्या, त्या दिवसापासून आकडे मोजत बसलेत. मधे दोन मॅच टाळीच नाही आली, तर घरात कोणाला धड बोलू दिलं नाही."

धाकटे उठले. चष्मा काढून खिशात ठेवला, परत काढून डोळ्यांवर चढवला. दारापर्यंत गेले आणि तिथं, आपल्याच घरात पाहुणे आल्यासारखे, क्षणभर उभे राहिले. सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"अहो, कुठे निघालात? एकच विकेट राहिलीय."

"शेजारी."

बायकोनं पडद्याकडे हात केला.

"इथे तर केवढं स्वच्छ दिसतंय."

"तिकडे आधी पडते," धाकटे म्हणाले.