कोठीच्या पोटातल्या हिरव्या काचा

मित्रांनो, मी गव्हाची जुनी कोठी. पत्र्याची आहे, पोटावर भलामोठा पोचा आहे आणि तोंडाने फटकळ आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर आत्ताच उठा कसे.

माझा जन्मच माराने झाला. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या दुकानामागे बुधाजी नावाचा कारागीर पत्रे ठोकायचा. त्याने मला कात्रीने कापलं, मोगरीने बडवलं, अंगात रिवेट ठोकले. झाकणाची कड मात्र दुमडायची राहिली. शेठने हटकलं तर म्हणाला, "साईं, अनाज ठेवायचंय ना? त्यात कोण हात घालून झोपणाराय?" ती कड सुरीसारखी धारदारच राहिली. तेवढं ध्यानात ठेवा.

१९८४ च्या एप्रिलमध्ये उमाने मला विकत घेतलं आणि टेम्पोत घालून अंबरनाथला नेलं. तिचा नवरा शशिकांत कारखान्यात सुपरवायझर. घरात सासू गोजरबाई आणि सात वर्षांची नीलिमा. उमाला भारी नाद होता तो भाजण्याचा. तिच्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन होता. त्यात ती लोकवन गव्हाचे पाव आणि खपलीची गुळाची बिस्किटं करायची. मैद्याला घरात थारा नव्हता. म्हणून वर्षाचे गहू ती एकदम भरायची, पोतीच्या पोती. व्यापारी पहिल्या पोत्याला एक म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा, मग दोन, तीन. माणसांना काही शब्दांची भीती वाटते, हे मी तिथेच शिकले.

गहू भरणं म्हणजे लढाईच. उन्हात पसरले की टोके, म्हणजे गव्हातले किडे, बाहेर पळायचे, उमा त्यांना चपलेने रगडायची. मग गव्हाला एरंडेलाचा हात, मधूनमधून कडुनिंबाचा वाळका पाला, आणि वरून माझं झाकण. एकदा एक उंदीर डोकावायला आला आणि त्याच वेळी झाकण पडलं. पुढचं सांगत नाही. मला वाईट वाटलं नाही, एवढंच सांगते.

पण उंदरापेक्षा वाईट जनावर घरातच होतं. शशिकांतचा हात चालायचा. आमटी अळणी झाली, चाललाच. कारखान्यात साहेब बोलला, तरी घरी येऊन चालला. पुढच्या मे महिन्यात एका संध्याकाळी वीज गेली आणि ओव्हनमधला पाव फुगलाच नाही. खरंच सांगते, एवढंच कारण. उमा दळणासाठी माझ्यातून गहू काढत होती, झाकण उघडं होतं. त्याने आधी ओव्हन लाथेने उडवला. मग तिचा हात पिरगाळून माझ्या काठावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. हातातल्या हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला, मनगटाचं रक्त गव्हावर पडलं. शेवटी तिचं डोकं माझ्या पोटावर आदळलं. हा पोचा त्याचा आहे.

गोजरबाईंनी केरसुणी आणली. जमिनीवरच्या काचा गोळा केल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बांगड्या वाढल्या तिच्या."

तुम्हाला ठाऊक असेल, आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. गहू संपले म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. अशुभ बोलू नये म्हणून. चांगली रीत आहे, माझी ना नाही. पण त्या घरात दर महिन्याला बांगड्या वाढत होत्या हो! शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं की तोच शब्द पुढे यायचा, आणि शब्दावर झाकण बसलं की आतलं कोण बघतो?

जमिनीवरच्या काचा गेल्या. माझ्या पोटातल्या तशाच राहिल्या, गव्हाएवढ्या, चाळणीने न सुटणाऱ्या. त्या हातानेच निवडायला हव्या होत्या. पण गल्लीतल्या बायका गहू निवडायला एकत्र बसायच्या. त्यांना काचा दिसल्या असत्या तर बभ्रा झाला असता. म्हणून गोजरबाईंनी ठरवलं की गहू निवडायचेच नाहीत. चक्कीत सगळ्याचंच पीठ होतं, म्हणाल्या. दोन दिवसांनी नीलिमाचा वाढदिवस, तिच्या मैत्रिणी बिस्किटं खायला येणार. उमा तापाने फणफणलेली. गोजरबाईंनी डबा माझ्यात बुडवून भरला. तीन काचा डब्यात गेल्या, मी मोजल्या. मी कोठी, ओरडू कशी?

नीलिमा चक्कीवर जायला डबा घेऊन दाराशी पोचली होती. उमा धडपडत उठली, गहू निवडलेत का बघायला डब्यात हात घातला. बोटाला काच लागली, रक्त आलं. तिने बोटाकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे. डबा तिने माझ्यात उलटा केला आणि खिडकीतून समोरच्या जनाबाईंना हाक मारली.

जनाबाई काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. भीमजयंतीला दरवर्षी उमाच्या ओव्हनमध्ये चाळीस पाव भाजून न्यायच्या, अशी दोघींची मैत्री. त्यांनी आणखी चार बायका आणल्या. गहू पोत्यांत काढून मला गच्चीवर नेलं आणि भर दुपारी सगळे गहू चादरींवर ओतले. निवडता निवडता एकीला काच सापडली, मग दुसरीला, मग सगळ्यांनाच. बायकांचे हात थांबले.

"अगं, बांगड्या वाढल्या होत्या तिच्या," गोजरबाई घाईने म्हणाल्या.

"वाढल्या नाहीत, आई," उमा म्हणाली. "फोडल्या. तुमच्या मुलाने, माझ्या हातावर."

कोणीतरी खाली जाऊन सांगितलं असावं. शशिकांत जिन्यावरून तरातरा वर आला आणि सगळ्यांदेखत त्याने हात उगारला. जनाबाई माझं झाकण मांडीवर घेऊन काचा त्यात ठेवत होत्या. त्या झाकणासकट उठल्या आणि मध्ये उभ्या राहिल्या. त्याचा पंजा जोरात आला तो थेट बुधाजीने न दुमडलेल्या कडेवर. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत तळवा उकलला. तो किंचाळत खाली बसला. गहू लाल झाले. दहा टाके पडले म्हणे. मित्रांनो, मारामारी वाईटच. पण मला त्या दिवशी पत्रा असल्याचा आनंद झाला, हे कशाला लपवू?

उमा नीलिमाला आणि मला घेऊन बदलापूरला शिरगावात राहायला गेली. पोचा आलेला ओव्हनही आणला. तिथे तिच्या पावाला नाव झालं. "उमाताईंच्या कोठीत टोका दाखवा आणि बक्षीस न्या," असं लोक म्हणायचे, आणि मी फुगायचे.

सहा वर्षांनी एका सकाळी दारात गोजरबाई उभ्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. काय झालं विचारल्यावर म्हणाल्या, पडले. उमाने चहा टाकला आणि त्यांची पिशवी आत नेली.

पुढे उमाचे गुडघे दुखायला लागले, तयार पिठाच्या पिशव्या आल्या. मी बाल्कनीत गेले. माझ्यावर कुंड्या आल्या, खाली पाणी साचायचं, तळ गंजला. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आता नीलिमाला आईसारखा पाव करायचा होता, म्हणून तिने कौतुकाने माझ्यात अर्धं पोतं ओतलं. तळ बघितला नाही. मला घरात घ्यायला उचललं मात्र, तळ धाडकन गेला. गहू घरभर पसरले. आणि माझ्या सांध्यात तेरा वर्षं अडकलेली एक हिरवी काच घरंगळत गोजरबाईंच्या पायाशी गेली.

"कोठी वाढली गं," त्या सवयीने म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि काच उचलून तळहातावर धरली.

"नाही," त्या म्हणाल्या. "फुटली. आणि उमे, मी पडले नव्हते. माझा हात त्यानेच मोडला."

उमा त्यांच्या शेजारी बसली आणि गहू गोळा करू लागली.

मित्रांनो, उद्या मला भंगारवाला नेईल. माझं एवढं ऐका. गहू भरण्याआधी कोठीचा तळ तपासा, तिला ओलीत ठेवू नका. गहू संपले तर खुशाल वाढले म्हणा. पण कोणी काही फोडलं असेल, तर फोडलं म्हणा.