बापाचं काम

"सर, स्पीकरची वायर पाह्यली का तुमी?" ममताने स्टाफरूमच्या दारातूनच विचारलं.

"मले काय मालूम? मी काय तुह्या सिनेमाचा ऑपरेटर हाय?" नगराळे सर म्हणाले आणि मांडीवरची बॅग त्यांनी आणखी जवळ ओढली. वायर त्याच बॅगेत होती.

पांढरकवड्याच्या या कॉलेजात सर एकतीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, उत्तरं लिहून द्यायची. ममता राठोड त्यांच्याच उत्तरांवर पास झाली, पुढे शिकली आणि जूनमध्ये इथेच शिकवायला आली. आली ती पडदा घेऊन. इंग्रजी सिनेमा लावायचा, मध्येच थांबवायचा, पोरांना बोलतं करायचं. सरांच्या तासाला सात पोरं, तर तिच्या तासाला खिडकीतही पोरं. चेल्याने नाव काढलं की गुरूची छाती फुगते म्हणतात. सरांची जळत होती.

आता चालव म्हणावं सिनेमा! ते शेजारच्या रिकाम्या वर्गात कान देऊन बसले. पाचच मिनिटांत पलीकडे हशा पिकला. न राहवून ते बॅगेसकट दारात गेले. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत होती आणि पोरं त्यांच्यासाठी इंग्रजी बोलत होती. तांड्यावरची जमनी सरांच्या तासाला हजेरीपुरतीच तोंड उघडायची. ती आज पडद्यावरच्या मुलीच्या वतीने बापाशी भांडत होती. चुकत होती, पण थांबत नव्हती.

"सर, बापाचं काम करा न तुमी! कोनीच तयार नाही होऊन राह्यलं," जमनी म्हणाली. नाही म्हणायची सोय नव्हती.

"व्हाय यू डिड दिस, पप्पा?" जमनीने विचारलं.

पडद्यावरच्या बापाने तोंड उघडलं. एकतीस वर्षं सरांनी इंग्रजी वाचलं होतं, लिहून दिलं होतं, पण ते कधी कुणाशी इंग्रजीत बोलले नव्हते. सगळा वर्ग वाट पाहत होता.

"आय... आय वॉज जेलस," ते म्हणाले. "आय ॲम सॉरी, बेटा."

टाळ्या पडल्या. "काय ॲक्टिंग केली सरनं!" मागून बंटी ओरडला.

ममताने टाळी वाजवली नाही. सरांच्या बॅगेतून वायरचं काळं टोक लोंबत होतं. ती जवळ आली, पोरांकडे पाठ करून तिने टोक आत सारलं आणि बॅगेची चेन लावली.

"उद्याबी याजा, सर," ती हळूच म्हणाली. "उद्याबी सिनेमा बिनआवाजाचाच लावू."