वीरगळ परत आणला

रुक्मिणी परबांची दहिसरची चाळ पाडायला घेतली तेव्हा नळाजवळच्या वीरगळाचं काय करायचं, असा प्रश्न आला. लढाईत पडलेल्या कुणा जुन्या माणसाच्या आठवणीसाठी कोरलेला तो कमरेइतका उंच दगड. चाळीतल्या बायका त्याला शेंदूर लावायच्या. बिल्डर तो भरावात टाकायला निघाला होता. तेवढ्यात बोरिवलीच्या स्थानिक इतिहास संग्रहालयाचे चिटणीस श्यामकांत धुरू आले आणि त्यांनी आधी सगळ्यांची अक्कल काढली.

"शेंदूर फासून वारशाची वाट लावलीत तुम्ही. आमच्याकडे शास्त्रीय जतन होतं," म्हणाले आणि दगड घेऊन गेले.

चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, रुक्मिणी त्यात राहायला आली, पुढे बँकेतून निवृत्त झाली. एकदा बघून तरी येऊ म्हणून ती भाऊ बाळाला घेऊन संग्रहालयात गेली. बाळाचा स्वतःचा टेम्पो होता, त्यातूनच गेले.

दारावर 'भव्य साडी सेल'चा बॅनर. संग्रहालयाची पाटी त्याच्यामागे. आत ग्रंथालयाची कपाटं भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि त्यांच्या पाठींवर ड्रेस मटेरियल टांगलं होतं. कोपऱ्यात वीरगळ आडवा पडला होता. वर कूलर. गळणाऱ्या पाण्यानं कोरीव कामावर हिरवं शेवाळ चढलं होतं.

"ताये, ह्यो आपलोच मां?" बाळानं विचारलं.

"आपलाच. शास्त्रीय जतन चाललंय."

धुरू आतल्या एसी खोलीत बसले होते. "निधी नाही हो मॅडम. लोकांना वारशाचं काही पडलेलं नाही."

"लोकांचं राहू द्या. कूलर कुणी ठेवला?"

"तात्पुरता आहे. पण तो वीरगळ कुठल्या शतकातला आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला?"

"अभ्यास चालू आहे."

"मग मी तो परत नेते."

आता हा माणूस नियम काढेल, पोलिसांची भीती घालेल, असं तिला वाटलं. त्याला काय काय सुनवायचं ते तिनं मनात जुळवूनही ठेवलं होतं. धुरूंनी मान वाकडी करून दारातून कोपऱ्याकडे पाहिलं.

"आजच नेताय? बरं होईल. तिथे एक स्टॉल बसेल."

रुक्मिणीनं बाळाला टेम्पो दाराशी घ्यायला सांगितलं. निदान खोटंखोटं तरी भांडायचं होतं त्यानं.

साड्या विकणाऱ्या पोरांनी हात लावला आणि दगड टेम्पोत चढला. धुरू पायरीवर येऊन म्हणाले, "तांब्याची जुनी भांडीपण आहेत, नेता का?" तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

सोसायटीनं लॉबीत दगड ठेवू दिला नाही. टाइल्सचा शो जातो म्हणे. रुक्मिणीकडे गाडी नव्हती, पण पार्किंग होतं. तिथे तिनं आणि बाळानं तो उभा केला आणि घासून धुतला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी मिहिर खाली आला. "काकू, पार्किंग फक्त वाहनांसाठी असतं. दंड लागेल."

"लाव," ती म्हणाली. "जागा माझ्या नावावर आहे."

तो पुटपुटत गेला. दगड तिथेच आहे. शेजारचा गाडीवाला आता जरा जपून रिव्हर्स घेतो.