पडद्याआडचे खटके

पडद्याआड खाडकन दांडा पडला आणि झिगी दुडेकने मतदारांच्या वहीवरचं पेन तसंच अधांतरी धरलं. लगेच टक. मग पुन्हा टक. पडदा सरकला, बेकरीवाला रोमन बाहेर आला आणि झिगीकडे न बघता थेट दाराकडे सुटला.

"हवा बरी आहे आज, रोमन!" झिगीने मुद्दाम हाक मारली.

"हो हो, छान आहे," म्हणत रोमन गेलासुद्धा.

छान कसली, डोंबल! नोव्हेंबरचा वारा शाळेच्या व्यायामशाळेच्या खिडक्या वाजवत होता. झिगीने टेबलाखाली आणखी एक बोट मिटलं. जेवणानंतरचा हा एकोणिसावा.

मतयंत्राच्या डाव्या कडेला पक्षाचा मोठा दांडा असे. तो एकदा ओढला, की राष्ट्राध्यक्षापासून गटारखात्याच्या साहेबापर्यंत सगळी मतं एका झटक्यात पक्षाला जात. एखाद्या नावापुरतं फुटायचं असेल, तर त्या नावाचा छोटा खटका वर करायचा आणि दुसऱ्याचा खाली. म्हणजे नुसतं खाडकन झालं, की माणूस आपला. खाडकन आणि वर दोन टक, म्हणजे माणूस कुठेतरी घसरला. आणि या वर्षी, एकोणीसशे ऐंशी साली, घसरायची जागा एकच होती, सगळ्यात वरची, राष्ट्राध्यक्षाची.

चोवीस वर्षं झिगी या टेबलावर डेमोक्रॅटांच्या वतीने बसत आला होता. इथे राजकारण बोलायला कायद्याने बंदी, त्यामुळे सगळी भिस्त कानांवर. वस्तीतल्या नव्या सुना, विधवा, पहिल्यांदा मत देणारी पोरं, सगळ्यांना त्यानेच घरोघर जाऊन पढवलं होतं. "एकच दांडा ओढायचा आणि बाहेर यायचं. डोकं चालवायचं नाही. डोकं चालवायला आम्ही आहोत." लोक हसायचे आणि तसंच करायचे.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रिपब्लिकनांच्या मिसेस ऑर्डवे बसल्या होत्या. दोन्हीकडचा एकेक माणूस हवा, हाही कायदाच. चोवीस वर्षं बाई दर वेळी हरल्या आणि दर वेळी अक्रोडाचा केक घेऊन आल्या. आज केकचा डबा अजून उघडला नव्हता. बाईंनी एकदा तरी कुत्सित हसावं, म्हणजे दोन शब्द सुनावता येतील, असं झिगीला फार वाटत होतं. पण त्या गप्प विणत बसल्या होत्या.

सकाळी ओडेलचा फोन आला होता. कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर दोघं अठरा वर्षं समोरासमोर उभे राहिले, एका पत्र्याची दोन टोकं धरून. मार्चमध्ये दोघांनाही एकाच दिवशी घरी बसवलं. ओडेल डेट्रॉइट शहरात राहायचा, काळ्यांच्या वस्तीत. झिगी शहराच्या हद्दीबाहेर वॉरनमध्ये, पोलिश लोकांत.

"मतदानातही तुझं टोक तू धर," ओडेल म्हणाला, "माझं मी धरतो."

"मी कधी सोडलंय का रे?"

"म्हणूनच तुला फोन केला."

चार वाजता त्याची बायको लॉटी आली. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचा डबा तिने टेबलावर ठेवला. डोक्याला लाल गुलाबांचा रुमाल, हनुवटीखाली गाठ. बाकीची वस्ती गेली खड्ड्यात, पण घरातली बाई फुटली तर? गेल्या आठवड्यात जेवताना तिने एवढंच विचारलं होतं, "तुला परत कामावर घेऊ, असं तुझ्या पक्षाच्या लोकांपैकी कुणी एकदा तरी म्हणालं का?" आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता ती भांडी घासायला उठली होती.

"सही कर," झिगी म्हणाला.

"माहीतंय मला. पहिल्यांदा नाही आले."

ती आत गेली. पडदा मिटला. खाडकन.

झिगीने कान टवकारले. काहीच आवाज नाही. मिसेस ऑर्डवेंच्या सुयाही थांबल्या होत्या. एक मिनिट गेलं असेल. मग पडदा उघडला आणि लॉटी रुमाल हातात चुरगळत बाहेर आली. झिगीचे डोळे भरून आले. उगाच आठ दिवस झोप घालवली आपण!

"रुमाल बांध गं," तो म्हणाला. "बाहेर बोचरा वारा आहे."

"बांधते. तुझं मत झालं?"

"गर्दी नाहीये, देऊन येतो. थांब तू."

आत शिरून त्याने दांडा असा ओढला, की यंत्र हललं. बाहेर सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं. आता पडदा उघडायचा, की मत मोजलं गेलं. त्याने पडद्याच्या मुठीवर हात ठेवला, पण हात पुढे सरकेना.

एप्रिलमध्ये युनियनच्या सभागृहात पक्षाचा एक तरुण आला होता, चकचकीत बुटांतला. महागाई का वाढते, ते त्याने फळ्यावर रेघा ओढून समजावलं. झिगीने उठून विचारलं, की माझ्या कामाचं काय? त्यावर त्या पोराने घड्याळ बघितलं. त्याच्याआधी टीव्हीवर पक्षाच्याच राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं होतं, घर कमी तापवा, स्वेटर घाला. स्वेटर घाला म्हणे! ज्या पक्षासाठी त्याने चोवीस हिवाळे दारं ठोठावली, त्याच्याकडे झिगीला सांगण्यासारखं एवढंच होतं.

त्याचं बोट सगळ्यात वरच्या खटक्यावर गेलं आणि थबकलं. बाहेर लॉटी होती. बाहेर मिसेस ऑर्डवेंचे कान होते. आणि सकाळचा तो फोन.

त्याने डोक्यावरची युनियनची टोपी काढली, खटक्याभोवती घट्ट गुंडाळली आणि हळूच वर दाबलं. काही ऐकू आलं नाही. मग दुसरा, खाली. तोही मुकाट गेला.

तो बाहेर आला. लॉटीने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या चुरगळलेल्या टोपीकडे. झिगीची नजर तिच्या हाताकडे गेली. रुमाल अजून तिथेच होता. त्याचं एक टोक कशाभोवती तरी घट्ट गुंडाळल्यासारखं सुरकुतलं होतं. त्याच्या टोपीलाही तशीच सुरकुती पडली होती.



"टोपी घाल," लॉटी म्हणाली आणि रुमालाची गाठ मारत दाराकडे वळली.

"तुम्ही काही बदलणार नाही, झिगी," मिसेस ऑर्डवे म्हणाल्या. त्यांनी केकचा डबा उघडला आणि एक तुकडा त्याच्याकडे सरकवला. "नेहमीसारखा एकच दांडा."

झिगीने केक घेतला आणि तसाच वहीशेजारी ठेवून दिला. उद्या सकाळी ओडेल पुन्हा फोन करणार होता.

तेवढ्यात कोपऱ्यावरची म्हातारी सोफी सही करून आत गेली. तिलाही त्यानेच शिकवलं होतं. खाडकन दांडा पडला, आणि मग सगळं शांत.

"ही तुमची," बाई हसून म्हणाल्या.

झिगीचा हात टेबलाखाली होता. त्याने एकेक करून सगळी बोटं उघडली.