पोपटनानांची पाटी

कर्जतच्या इंजिन शेडमधून पोपटनाना फिटर म्हणून निवृत्त झाले, क्वार्टरची किल्ली परत केली आणि बायकोला, अंबाबाईला, घेऊन कडावच्या घरी राहायला आले, तो अठ्ठ्याहत्तर सालचा माघ महिना होता. आता देवानं दोनच कामं ठेवलीत, असं त्यांना वाटलं. दिवसा बाजाच्या पेट्या दुरुस्त करायच्या आणि जिथं कीर्तन असेल तिथं पहिल्या रांगेत जाऊन बसायचं.

कीर्तन होतं. पेट्या मात्र येईनात.

खरं तर नोकरी सांभाळून वीस वर्षं नानांनी पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांच्या पेट्या बोलत्या ठेवल्या होत्या. कुणाची पट्टी बसलेली, कुणाचा भाता उंदरानं कुरतडलेला. पण लोकांना ठाऊक होतं ते कर्जतचं क्वार्टर. डोक्यावर पेटी घेऊन माणसं तिथं जात, दाराला दुसऱ्याच नावाची पाटी बघून माघारी फिरत. आणि कडावचं घर पडलं भातगिरणीच्या मागं, चिंचेच्या आड. तिथं घर आहे हे पोस्टमनलासुद्धा सांगावं लागे.

डोंबिवलीहून सोमाचं, त्यांच्या मुलाचं, कार्ड आलं. ‘काम नाही तर तिथे दोघे एकटे कशाला राहता? हनुमान जयंतीला न्यायला येतो.’

नानांनी कार्ड दोनदा वाचलं. सोमा गुणी, सूनही गुणी. पण त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून मारुतीच्या देवळातले टाळ ऐकू येतील थोडेच? आणि हातात पान्हा-पेचकस नसेल तर माणसानं दिवसभर करायचं काय, खिडकीतून कावळे मोजायचे?

तशात स्टँडवरच्या चहावाल्या चांगोनं सांगितलं, “नाना, परवा खालापूरकडचे आबाजीबुवा आलते पेटी घेऊन. पोपट फिटर कुठं राहतो म्हणत हुते. मी नेमका दूध आणाया गेलतो. दुसऱ्या कुणाला सांगता आलं नाय. गेले बिचारे कर्जतला.”

आबाजीबुवा! ज्यांच्या रामकथेला नाना खोपोलीपर्यंत चालत गेले होते, ते दारापाशी येऊन परत गेले. नाना घरी आले ते ठरवूनच आले.

“अगं, मी पाटी करतो. मोठी. स्टँडवर लावायची. कोण, काय, कुठं, समदं तिच्यावर.”

“तुमी?” अंबाबाई तांदूळ निवडत होती. “जन्मात कधी अक्षर रंगवलंय काय?”

“इंजिनं शिकलो ती पोटातून शिकून आलतो का?”

पाटीसाठी जुन्या कपाटाचं दार निघालं. निळीत बुडवलेला दोरा ताणून नानांनी रेघा मारल्या. अक्षरं शिरोरेषेला टांगायची, म्हणून सगळ्या शिरोरेषा आधीच या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवून टाकल्या. मग कुठं अक्षरं लवकर संपली आणि रेघ धुणं काढलेल्या दोरीसारखी मोकळी राहिली. कुठं शेवटच्या चार अक्षरांना अंग चोरून उभं राहावं लागलं. पण नाना रंगात आले होते, बोटांनी आणि मनानंही.

आणि सुरुवात कशी करायची? कीर्तनात वाढलेला माणूस! नमनाशिवाय तोंड उघडणं म्हणजे जोडे घालून देवळात शिरणं. आधी गणपती आला, मग शारदा. मग कुलदैवत, ग्रामदैवत, पांडुरंग. मग पेटी शिकवणाऱ्या गुरूंना साष्टांग दंडवत. मग आईवडील.

“तुमचं नाव कुठं हाय?” तिसऱ्या दिवशी अंबाबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव कसं दिसतं ते ती ओळखून होती.

“येतंय गं. पूर्वरंग चाललाय अजून.”

नाव आलं ते अगदी तळाला. ‘सेवक पोपट, पेटी दुरुस्ती.’ मुगाएवढ्या अक्षरात. पत्त्याला जागाच उरली नाही.

पाडव्याला पाटी स्टँडवर उभी राहिली. लांबून ती इतकी देखणी दिसत होती की नानांचे डोळे भरून आले. ते चांगोच्या बाकावर बसून बघत राहिले. पहिल्याच एस्टीतून एक म्हातारी उतरली. पाटीपुढं थांबली, वरच्या ओळीला हात जोडले आणि चालू लागली. मग एक शेतकरी आला. त्यानं चपला काढून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी कुणी झेंडू वाहिला. शनिवारी तर पाटीच्या पायाशी तेलाचा ओघळ आणि फोडलेला नारळ!

“नाना,” चांगो हसू दाबत म्हणाला, “धंदा माजाच वाढला बरं का. दर्शन घेतात नि चा पितात.”

“देव आला,” अंबाबाई म्हणाली, “पेटी काय आली नाय.”

नानांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी झेंडूचं फूल कपाळाला लावलं आणि घरी आले.

रामनवमी उजाडली. मारुतीच्या देवळात जन्माचं कीर्तन, आणि बुवा कोण? आबाजीबुवा! नाना पहिल्या रांगेत. पण पेटीवाल्यानं भाता हलवला मात्र, एक सूर जो रडायला लागला तो थांबेचना. पट्टी दाबा, सोडा, त्याचं आपलं रडणं चालूच. पाळण्यातला राम जन्मायच्या आधीच कोण रडतंय, म्हणून बाया हसू लागल्या.

नाना उठले. खिशात पेचकस होताच. वरची फळी काढली, पट्टी उचलली. खाली अडकलेला अक्षता-तांदळाचा दाणा बोटावर घेऊन दाखवला. सूर गप्प.

“अरे, तू पोपट की काय?” बुवा वाकून बघत म्हणाले. “महिन्यापूर्वी तुला शोधून शोधून दमलो रे! कुठं दडलायस?”

“दडलो कुठला बुवा? ष्टँडवर एवढी पाटी लावलीया.”

“ती? बाबा, मी तिला आत्ताच नमस्कार करून आलो!”

सगळं देऊळ हसलं. नानांचे कान लाल झाले. बुवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “पोपटा, इथं माणूस बसायला येतो. त्याला नमनापासून सांगावं. रस्त्यावरचा माणूस चालता असतो. त्याला नुसती ध्रुपदाची ओळ द्यावी. गोडी लागली तर येईल बसायला.”

दुपारी बाराला राम जन्मला, सुंठवडा वाटला गेला, पण नानांच्या डोक्यात ध्रुपद घोळत होतं. घरी येऊन त्यांनी रॉकेलचा बोळा हातात घेतला, आणि हात थबकला.

“देवाची नावं पुसायची कशी गं?”

“पुसता कशाला?” अंबाबाई म्हणाली. “देवाला घरात आणा. उन्हात ठेवलाय बिचाऱ्याला.”

पाटी वाजतगाजत नाही, पण दोघांनी धरून घरी आणली आणि ओटीवर लावली. स्टँडवर गेली ती नवी फळी. या वेळी अक्षरं आधी, शिरोरेषा मागून. ‘पोपट फिटर. पेटी दुरुस्ती. गिरणीच्या मागे.’ आणि एक जाडजूड बाण. खाली थोडी जागा उरली, तिथं अंबाबाईच्या सांगण्यावरून ‘मृदंग – नागू, देवळामागे’ एवढं लिहिलं. मृदंग मढवणाऱ्या नागूलाही कुणी शोधत असेलच की.

एक दिवस गेला. दोन गेले. हनुमान जयंतीला तीन दिवस उरले. अंबाबाईनं माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखालून हाक आली, “फिटर हायती का?” कोंडाणे गावचा एक गडी, डोक्यावर पेटी. “तो बाण लई बेस बगा. न इचारता आलो.” त्यानं पेटी ओटीवर ठेवली. भिंतीवरची जुनी पाटी दिसली तसे हात जोडले आणि अकराच्या अकरा ओळी मोठ्यानं, अडखळत वाचून काढल्या. नानांनी पेटी उघडली नाही तोवर. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत उभे राहिले.

संध्याकाळी ते कार्ड लिहायला बसले. कार्डावरही त्यांची नेहमी अशीच तऱ्हा, नमस्कार-आशीर्वादातच जागा संपायची. आज त्यांनी वर एक ‘श्री’ काढला आणि खाली लिहिलं :

‘सोमा, पेटी आली. आम्ही इथेच. हनुमान जयंतीला तू कीर्तनाला ये. बाणाने ये.’

अंबाबाईनं ट्रंक उचलून परत माळ्यावर टाकली.